अठराव्या होलवरचा अंतरपाट

सातव्या होलवर इंद्रजीतच्या तोंडून "डोकं!" एवढंच निसटलं, आणि तेवढ्याने घात झाला.

पंच म्हणून आलेल्या निशा मॅडम गवतातून सावकाश चालत त्याच्यापर्यंत आल्या. आवाज अजिबात चढवला नाही, आणि न चढवलेल्या आवाजाचीच इंद्रजीतला जास्त भीती वाटली.

"तुम्ही रेवाचे वडील ना? खेळ चालू असताना पालकांनी मुलांना काहीही सांगायचं नाही, हे सकाळी सगळ्यांना सांगितलं होतं. ही ताकीद समजा. यापुढे एक शब्द बोललात, खूण केलीत, खाकरलात, तर रेवाच्या नावावर दोन फटके वाढतील."

"खाकरलो तरी?"

"तरी."

गोल्फमध्ये कमी फटक्यांत संपवेल तो जिंकतो, त्यामुळे दोन फटके वाढणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणं. म्हैसूरच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याच्या ज्युनिअर संघात चार मुली घ्यायच्या होत्या. तीन जागा कालच ठरल्यासारख्या होत्या. चौथी जागा रेवाची किंवा हेतलची, आणि दोघी नेमक्या एकाच गटात खेळत होत्या. पुढच्या वर्षी रेवा वयात बसणार नव्हती. जे काय व्हायचं ते आजच, ओवे गावच्या डोंगराखालच्या या मैदानावर, ऑक्टोबरच्या या उन्हात.

इंद्रजीतने ओठ मिटले. पण त्याचं तोंड म्हणजे काही साधंसुधं तोंड नव्हतं. उरणच्या बाजूला एका शिपिंग कंपनीत कारकुनी करणारा हा माणूस नात्यागोत्यात ओळखला जायचा तो मंगलाष्टकांसाठी. पनवेलपासून पेणपर्यंत कोणाकडेही लग्न असो, भटजींचं उरकलं की माइक इंद्रजीतकडे. मग तो डोळे मिटून जी सुरू करायचा ती आवरायचं नावच नाही. स्वतः रचलेली कडवी, नवरीच्या आजोळची कडवी, नवऱ्याच्या मामांची कडवी. मध्ये अंतरपाट धरून उभे राहिलेले बिचारे दोन काका हात भरून येऊन रडकुंडीला यायचे. शिरढोणच्या एका लग्नात तर एका काकांनी अंतरपाट चक्क डोक्यावर टेकवला होता. अशा माणसाला गप्प बस म्हणणं सोपं असतं, त्याला बसणं सोपं नसतं.

आणि बोलण्यासारखं तर डोळ्यांसमोर घडत होतं. रेवाचा स्विंग बिघडत चालला होता.

स्विंग मुळात देखणा. क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, वर जाताना घाई नाही, खांदे पुरते वळायचे, कंबर आधी सुटायची आणि हात मागून यायचे. दोष एकच, पण सगळ्यावर पाणी फिरवणारा. बॉलला क्लब लागायच्या क्षणभर आधी तिचं डोकं वर यायचं. डोकं वर आलं की खांदा उचलला जातो, खांदा उचलला की क्लब बॉलच्या माथ्यावर आपटतो, आणि आभाळात जायचा बॉल उंदरासारखा गवतातून पळत सुटतो. वर्षभर इंद्रजीत या एका दोषाच्या मागे हात धुऊन लागला होता. व्हिडिओ बघितले, तिच्या टोपीला दोरा बांधला, जेवताना समजावलं, झोपताना समजावलं. शिकवणाऱ्या मनिषा मॅडम एकदा वैतागून म्हणाल्याही, "डोकं खाली ठेव, डोकं खाली ठेव, हे तिला हजारदा सांगून झालंय. ती डोकं उचलते कशासाठी, ते बघा ना कोणीतरी."

इंद्रजीतने ते बघितलं नाही. त्याने आपल्या परीने उपाय शोधला, आणि उपाय त्याला सुचला तो अर्थातच लग्नात. अंतरपाट धरलेला असतो, पलीकडे कोण उभं आहे हे जीव जाईतो बघावंसं वाटत असतं, पण "सावधान" होईपर्यंत कोणी डोकावत नाही. बस्स. त्याच संध्याकाळी नवीन पनवेलच्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्याने आणि त्याच्या बायकोने, आभाने, जुनी चादर ताणून धरली. रेवासमोर सरावाचे हलके, भोकाभोकांचे प्लास्टिकचे बॉल. चादरीमागून इंद्रजीत मंगलाष्टकाची शेवटची ओळ म्हणायचा, "शुभमंगल"वर तिचा क्लब वर जायचा आणि "सावधान"ला बॉल चादरीवर येऊन थडकायचा. खालच्या मजल्यावरच्या कुमुदकाकूंनी विचारलंदेखील, "अहो, रोज कोणाचं लग्न लावताय?" पण गुण आला होता. चादरीसमोर रेवाचं डोकं एकदाही वर आलं नाही. बॉल कुठे गेला हे दिसणारच नसेल तर पोर बघेल कशाला, असं इंद्रजीतने सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि आपण मोठा शोध लावला म्हणून तो महिनाभर मिशीतल्या मिशीत हसत होता.

मैदानावर मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पंधराव्या होलवर त्याला ऑफिसचा फोन आला. फोनवर बोललो तरी दोन फटके पडतील या धास्तीने तो पार टेकाडामागे गेला. कंटेनर कुठे अडकलाय ते ऐकून परतला, तर रेवाने ते होल झकास संपवलं होतं आणि हेतलच्या एक फटका पुढे गेली होती. आपण नेमका तोच फटका चुकवला म्हणून तो चुकचुकला.

सोळाव्यावर तो पुन्हा पालकांसाठी बांधलेल्या दोरीला लागून उभा राहिला. रेवा बॉलपाशी गेली. पाय रोवले, श्वास घेतला. क्लब वर गेला, सुरेख गेला. इंद्रजीत मनात म्हणत होता, शुभमंगल… आणि "सावधान"च्या आधीच डोकं वर आलं. क्लब टणकन वाजला. बॉल उजवीकडच्या झुडपांत घुसला.

इंद्रजीतने बॉलकडे बघितलं नाही. आजवर नेहमी बघायचा, आज डोळे रेवावरच राहिले. म्हणून त्याला ते दिसलं. बॉल गेला होता उजवीकडे, आणि रेवाचे डोळे होते डावीकडे. दोरीकडे. थेट त्याच्या चेहऱ्यावर.

बॉल कुठे पडला ते तिला बघायचंच नव्हतं. बाबाच्या तोंडावर ते आधी उमटतं, तिथे ती वाचत होती.

वर्षभराचा सगळा हिशोब उलटा फिरून त्याच्याच दारात येऊन उभा राहिला. गच्चीवर चादरीने बॉल झाकला नव्हता, त्याला झाकलं होतं. पंधराव्यावर तो टेकाडामागे होता. स्विंगमधला जो दोष तो पोरीत शोधत होता, तो दोरीला धरून टोपी घालून उभा होता.

सोळाव्यावर रेवाने एक फटका गमावला. दोघी बरोबरीत आल्या.

सतराव्यावर त्याने खात्री करायची ठरवली. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून तो बहाव्याच्या झाडामागे वाकला आणि वाकलेलाच राहिला. क्लबचा आवाज आला, आणि आवाजावरूनच कळलं. चांगला बसलेला फटका टणकत नाही, टाळी वाजवल्यासारखा भरून वाजतो. मैदानावर एकदोघांनी "वा" म्हटलं. त्याने झाडाआडून हळूच डोकावलं.

रेवाचा बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, भोकाच्या अगदी जवळ पडला होता, आणि रेवा भेदरून दोरीकडे बघत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची नजर त्याला शोधत होती. तो दिसला, तेव्हा तिचे खांदे एकदम सैल झाले.

ते बघून इंद्रजीतला पुणं आठवलं. पुण्याच्या स्पर्धेत ती असेच दोन बॉल गवतात घालवून बसली तेव्हा तो रागाने, कोणाला न सांगता, गाडीत जाऊन बसला होता. घाट उतरेपर्यंत ती मागच्या सीटवर आवाज न करता रडत होती. खोपोलीला त्याने गाडी थांबवली आणि कबूल केलं होतं, पुन्हा कधी मधूनच उठून जाणार नाही.

म्हणजे समोर उभं राहिलं तर ती त्याच्याकडे बघणार, आणि निघून गेलं तर पुणं झालं असं समजणार. सांगायची सोय नाही, कारण तोंड उघडलं की दोन फटके. इकडे आड, तिकडे विहीर, आणि अठरावं होल तर खरोखरच पाण्याचं.

सतरावं संपलं तेव्हा रेवा एका फटक्याने पुढे होती. शेवटच्या होलवर हेतलइतके फटके घेतले तरी जागा तिची. फक्त पाण्यात जायचं नाही. ग्रीनच्या अलीकडे मोठं तळं होतं, आणि आसपास लपायला एक झाड नव्हतं. पालकांनी उभं राहायची जागा तेवढी उघडी, उन्हात तळपणारी.

इंद्रजीतने चेहरा कोरा ठेवायचं ठरवलं. पण तोंडाला कुलूप लावता येतं, चेहऱ्याला नाही. पहिल्या फटक्याआधी रेवाने वळून बघितलं तेव्हा तो हसला, आणि ते हसू इतकं ओढूनताणून आणलेलं होतं की पोरगी आणखीच घाबरली. डोकं वर आलं. बॉल थोडक्यात वाचला, पण निम्म्यावरच पडला. हेतलचा बॉल खूप पुढे गेला. आता रेवाला दुसऱ्या फटक्यात तळं ओलांडायचं होतं, लांबून.

ती बॉलपाशी पोचली. क्लब निवडताना तिने दोनदा दोरीकडे पाहिलं. देवा, या पोरीला माझ्यापासून वाचव, असं त्याच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत.

त्याच्या खांद्यावर तिचा जादा टॉवेल होता. पांढरा, लांबट, क्लब पुसायचा. त्याने तो उतरवला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि हात वर करून आपल्या तोंडासमोर ताणून धरला.

पलीकडे काय झालं ते त्याला दिसलं नाही. गवतातून पावलं मात्र जवळ आली.

"हे काय चाललंय?" निशा मॅडमचा आवाज. "मी विचारतेय, तेव्हा उत्तर द्या. ही खूण आहे का?"

"नाही," तो टॉवेलमागून म्हणाला. "तोंड लपवतोय."

"कोणापासून?"

"रेवापासून. ती बॉलकडे बघतच नाही, मॅडम. माझ्याकडे बघते."

मॅडमची पावलं टॉवेलला वळसा घालून परत समोर आली. त्यांना स्वतःला मुलगी होती की नव्हती, हे इंद्रजीतला माहीत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "तोंड झाकू नये असा नियम नाही. पण टॉवेल खाली-वर हलला, तर ती मी खूण समजेन. धरलाय तर आता रेवाचं होल संपेपर्यंत धरून ठेवायचा. जमेल?"

त्याने मान हलवली, ती मॅडमना दिसली नाही. "जमेल," तो म्हणाला. तो त्याचा शेवटचा शब्द.

पावलं लांब गेली. समोर नुसता पांढरा उजेड. रेवाला काय वाटलं असेल? बाबाला बघवेनासं झालं, असं तर वाटलं नसेल? हे तर पुण्यापेक्षा वाईट. त्याला टॉवेल एक बोटभर खाली करून तिचा चेहरा बघावासा वाटला, आणि बघता येत नव्हता. स्वतःचं लग्न सोडलं तर इतक्या लग्नांत अंतरपाटाच्या या बाजूला तो कधी उभाच राहिला नव्हता.

शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. विडीचा वास आला. ओव्याचा काशिराम असावा, मैदानावरचं गवत कापणारा. सकाळी त्याने इंद्रजीतला चहाची टपरी दाखवली होती.

"सायेब, तोंड कशाला झाकलाय?" काशिरामने विचारलं. उत्तर आलं नाही. "बरं. नका बोलू." थोड्या वेळाने तो आपणहून सांगू लागला, "पोर हिकडं बघते हाय."

हसतेय का, एवढंच इंद्रजीतला विचारायचं होतं.

"बघतेच हाय," काशिराम म्हणाला. "आता फिरली. काठी घेतली."

हात भरून यायला लागले होते. दंडात कळ, मग खांद्यात, मग मानेत. शिरढोणचे ते काका त्याला आठवले, आणि त्यांची त्याने मनोमन माफी मागितली. टॉवेलची कड थरथरू लागली. हलला तर दोन फटके. त्याने कोपर छातीशी घट्ट दाबले.

"उबी हाय," काशिराम म्हणाला. "आजून मारला नाय."

सगळं मैदान थांबल्यासारखं झालं. लांब कुठेतरी टिटवी ओरडली.

मग तो आवाज आला. भरून वाजलेला, टाळीसारखा.

"पाण्यात…" काशिराम म्हणाला, आणि त्याला विडीचा ठसका लागला.

इंद्रजीतच्या डोळ्यांपुढे पांढऱ्याचं काळं झालं. काशिराम खोकत होता, खोकतच होता. पण हात त्याने वरच ठेवले. ते खाली घ्यायचे नव्हते, एवढं एकच त्याला आता कळत होतं.

"पाण्यात जातो काय म्हटला मी," काशिराम घसा साफ करून म्हणाला, "पन नाय. पलीकडं गेला. हिरव्यावर हाय."

इंद्रजीतच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात लांबून कोणीतरी काशिरामला हाक मारली आणि विडीचा वास निघून गेला. आता सांगायलाही कोणी उरलं नाही.

अजून बॉल होलमध्ये जायचा होता. ग्रीनवरचे फटके हळू असतात, त्यांचा आवाज इथवर येत नाही. तो नुसता उभा राहिला. एकदा टाळ्या वाजल्या. कोणासाठी? हेतलचा बॉल गेला असेल. बराच वेळ काही नाही. पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा थोड्या जास्त, की त्यालाच तसं वाटलं? मग कोणीतरी "अरेरे" म्हटलं, आणि त्याला ते कोणासाठी हेही कळेना. हात आता त्याचे नव्हतेच, कोणीतरी खांद्याला अडकवून ठेवले होते.

पावलं आली. हलकी, खिळ्यांच्या बुटांची, पळत नव्हती. अगदी समोर येऊन थांबली.

टॉवेलची वरची कड दोन बोटांनी धरली गेली आणि खाली ओढली गेली.

रेवा समोर उभी होती, घामाने चिंब, नाक उन्हाने लाल झालेलं. सवयीने तिने आधी त्याच्या चेहऱ्यावर नजर टाकली, काय झालंय ते वाचायला. आणि ती थबकली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काय झालं ते तिला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

तिने सांगायची घाई केली नाही. हातमोजा काढला, खिशात घातला. बाबा उत्तरासाठी आपल्याकडे असा टक लावून बघतोय, हे तिला नवीन होतं, आणि ते ती थोडा वेळ नुसतं बघत राहिली.

"रडलास काय तू?" तिने विचारलं.

"रेवा, सांग ना गं."

"चार," ती म्हणाली. "हेतलचेपण चार."

एका फटक्याने. जागा तिची. इंद्रजीतला हात वर करून नाचायचं होतं, पण हात वर जायला तयार नव्हते. त्याने तिला जवळ घेतलं ते तसेच लुळे हात तिच्या पाठीवर टाकून. तिने टोपी काढून कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं. निशा मॅडम लांबून बघत होत्या, आणि आता बोललेलं चालणार होतं.

"दुसरा फटका मारताना काय म्हणालीस मनात?" त्याने विचारलं. "शुभमंगल?"

"काहीच नाही. कोणी बघत नव्हतं ना, म्हणून नुसता मारला." मग जराशाने, बॅगेची चेन लावता लावता, ती खाली बघूनच म्हणाली, "बाबा, म्हैसूरला संघाबरोबर जाईन तेव्हा आईला पाठव. तू येऊ नकोस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

"टॉवेल घेऊन आलो तरी?"

रेवाने खरोखरच विचार केला. "तरी नको," ती म्हणाली. "टॉवेलमागे तू आहेस हे मला माहीत असणार ना."

"मग काय झालं ते मला कळणार कसं?"

"मी फोन करेन. आधी तुलाच."

"बरं," इंद्रजीत म्हणाला.

तिने बॅग खांद्यावर टाकली. रोज ती तो उचलायचा, आज त्याच्याने उचलवली नसती. फटक्यांच्या कार्डावर सही करायला बोलावत होते, ती तिकडे निघाली. अर्ध्या वाटेवर हेतल थांबली होती. दोघी एकमेकींना काही बोलल्या आणि बरोबर चालू लागल्या. इंद्रजीत बघत होता. ती वळेल असं त्याला वाटलं, दर वेळी वळायची.

लग्नात "सावधान" झालं की सगळे नवरा-नवरीकडे बघतात. अंतरपाट धरून हात भरलेले दोन काका तेव्हा काय करतात, हे इतकी वर्षं माइक हातात असूनही त्याने कधी बघितलं नव्हतं. ते बाजूला होतात आणि कापडाची घडी घालतात. इंद्रजीतने टॉवेलची घडी घातली.

रेवा वळली नाही. तिचं डोकं अगदी स्थिर होतं.